लंगर आणि विहिरीची गडगडी

बुलढाणा जिल्ह्यात वाढलेली बाई लंगराची गोष्ट सांगायला लागली की ऐकणारा आधी हसतो. मी दवाखान्यात नोकरी केली, तिथेही हेच व्हायचं. दुपारी डबे उघडले आणि माझ्या तोंडून ‘आमच्या नावेचा लंगर’ असं काही निघालं, की बरोबरच्या सिस्टर म्हणायच्या, “विमलबाई, तुमच्याकडे समुद्र कधी आला हो?” समुद्र नाही आला, धरण आलं. धाडच्या बाजाराला लोक जिथून डोक्यावर पाट्या घेऊन चालत जायचे ते आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि आम्हाला वरच्या बरड माळावर पुनर्वसनात आणून बसवलं. खाली पाणी आणि वर आम्ही. घराच्या दारात उभं राहिलं की आपलं गाव जिथे होतं तिथे नुसता चकाकणारा सपाटपणा दिसायचा. नवी माणसं म्हणायची, किती छान देखावा आहे. आमच्या वस्तीतली एकही बाई त्या बाजूला तोंड करून बसत नसे.

घरात आम्ही चौघं. बाबा, माय, मी आणि आत्या. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण गिरजा. नवरा लवकर गेला म्हणून आमच्याकडेच राहायची. माझं नाव तिच्या तोंडी कधी विमल झालं नाही, इमलच राहिलं. भाकरी करावी तर तिनेच. ज्वारीची भाकर ती हातावर अशी फिरवायची की बघणाऱ्याला भूक लागावी. सोबत अंबाडीची भाजी, वरून करडीच्या तेलात तडतडलेला लसूण. पण एक गोष्ट मी फार लहानपणापासून बघत होते. आत्या भाकरी सगळ्यांच्या करायची, माझ्या ताटात वाढायची, मायच्या वाढायची, बाबांच्या ताटात मात्र स्वतःच्या हाताने कधी घालायची नाही. बाबांची भाकर ती टोपल्यात टाकायची, तिथून माय उचलून त्यांना वाढायची. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरात असं असेल.

याचं कारण जुन्या गावातल्या आमच्या विहिरीत होतं. गावच्या मोठ्या विहिरीवर आमच्या लोकांना दोर सोडू देत नसत, म्हणून वस्तीने आपली वेगळी विहीर खणली होती. पाणी गोड होतं, एवढंच मला आठवतं. जुनं गाव मी जेमतेम पाहिलेलं. विहीर उताराला, चिंचेच्या पलीकडे. घरांतून दिसायची नाही, फक्त ऐकू यायची. तिच्यावर एक लोखंडी चाक होतं, ज्यावरून दोर फिरतो; त्याला आमच्याकडे गडगडी म्हणतात. त्या गडगडीला तेल घालायचं नाही असा वस्तीचा नेम होता. कोणी शहाणा म्हणेल, कसले अडाणी लोक. पण त्यात अडाणीपणा नव्हता. मुली, सुना एकट्यादुकट्या पाण्याला जायच्या, काठ निसरडा होता. बादली वर ओढताना गडगडी कुईऽऽ कुईऽऽ करायची आणि तो आवाज चुलीपुढे बसलेल्या बायांना जायचा. आवाज शेवटपर्यंत गेला की घरातली बाई आपसूक म्हणायची, “आली वर.” म्हणजे बादली निघाली, आपलं माणूस काठावर धड उभं आहे. आवाज मध्येच थांबला की हातातलं टाकून सगळ्या धावत सुटायच्या. कधी दोर तुटलेला असायचा, कधी कोणाला भोवळ आलेली. माय सांगायची, त्या आवाजाने किती तरी जणी वाचल्या.

बाबा तेव्हा खामगावला जिनिंगच्या कारखान्यात फिटर होते. सुट्टीवर आले ते कारखान्यातलं ग्रीस डब्यात घेऊन. तरुण होते, हातात कला होती, आणि गावाकडे येणाऱ्या प्रत्येक फिटरला असतो तसा गर्वही होता. सकाळी जाऊन त्यांनी गडगडी उतरवली, घासली, ग्रीस भरलं आणि परत चढवली. एका बोटाने फिरू लागली. बाया खूश झाल्या, दौलतने हात वाचवले म्हणाल्या. नेम मोडला हे म्हाताऱ्यांच्या लक्षात आलं असेल, पण शिकल्या-सवरलेल्या पोराला कोण बोलणार? त्याच दिवशी दिवेलागणीला आत्याची मुलगी सुमन पाण्याला गेली. आत्या चुलीपुढे बसून कान देत होती. आवाज येईना. तिला वाटलं, पोरगी अजून चिंचेखाली मैत्रिणींशी बोलत असेल. ती भाकरी करत राहिली. टोपल्यात भाकरींची चवड वाढत गेली आणि आवाज काही येईना. मग दुसरी कोणी पाण्याला गेली आणि तिला नुसता लोंबकळणारा दोर दिसला. मी तेव्हा मायच्या पोटात होते.

बाबांनी राख आणि रॉकेल लावून गडगडीतलं ग्रीस शेवटच्या कणापर्यंत पुसून काढलं, असं माय सांगायची. खामगावची नोकरी सोडली. पुढे धरणाचं पाणी चढू लागलं तेव्हा लोकांनी दारं, वासे, टिनपत्रे गाड्यांत भरले. बाबांनी सगळ्यात आधी जाऊन विहिरीवरची गडगडी काढली, गोणपाटात गुंडाळली आणि नव्या घरात बाजेखाली ठेवून दिली.

आता जे सांगते आहे ते दवाखान्यात आयुष्य घालवलेली बाई सांगते आहे हे लक्षात असू द्या. आम्ही बौद्ध, भूतखेत, अंगात येणं, उतारा, आमच्या घरात काहीच चालत नसे. तरी पुनर्वसनात आल्यापासून, वारा पडलेला असला की, दिवेलागणीला पाण्याकडून तो आवाज यायचा. कुईऽऽ. कुईऽऽ. गडगडी तर आमच्या बाजेखाली पडलेली असायची. मी वाकून बघितलेलं आहे, गोणपाटावर धूळही हललेली नसायची. आणि आवाज नेहमी मध्येच थांबायचा. बादली अर्ध्यावर आली असेल नसेल, तोच. मग आत्या हातातला पिठाचा गोळा परातीत ठेवायची, पदराला हात पुसायची आणि उतार उतरून काठाशी जाऊन उभी राहायची. तव्यावरची भाकर करपायची. तिची भाकर उलटायला माय कधी पुढे व्हायची नाही. बाबा भिंतीला पाठ लावून म्हणायचे, “बुडेल बाभळी हायेत त्या. खोडावर खोड घासून राह्यलं, दुसरं काही नाही.” म्हणायचे, पण तेवढा वेळ त्यांचा घास हातातच राहायचा. अंधार पडला की आत्या परत यायची, हात धुवायची, पुन्हा गोळा घ्यायची. अजून कुठे करपल्या भाकरीचा वास आला की माझे कान आपोआप टवकारतात. जावयाला वाटतं सासूबाई नाक मुरडतात.

नाव आमच्याकडे आली ती गाळपेरीमुळे. हिवाळा सरला की धरणाचं पाणी मागे हटतं आणि खालचा काळा गाळ उघडा पडतो. त्यात टरबूज, काकडी, वांगी जोरात येतात. आमच्या वस्तीला पलीकडच्या काठाचे तुकडे मिळाले. रस्त्याने जायचं तर अख्ख्या धरणाला वळसा. म्हणून बाबांनी धाडच्या एका वेल्डिंगच्या दुकानात पत्र्याची सपाट बुडाची नाव जोडून घेतली आणि बायांना सकाळी नेऊन दुपारी आणायला लागले. नावेला भीती एकच होती. दुपारून वावधन सुटायचं, पश्चिमेचा जोराचा वारा, आणि नाव सरळ बुडालेल्या बाभळींकडे ढकलली जायची. उतरलेल्या पाण्यात त्यांचे तुटके बुंधे भाल्यांसारखे वर आलेले असत. पत्र्याला एक बुंधा लागला की संपलं. बायांपैकी एकीलाही पोहता येत नव्हतं. वारा सुटताक्षणी लंगर पाण्यात गेला तरच नाव जागच्या जागी धरून राहणार.

त्या लंगरासाठी बाबांनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, कारण नावेच्या तोंडाशी बसून लंगर सोडायचं काम माझं होतं. आधी जाळीत बांधलेला दगड होता. तो गाळावरून घसरत यायचा. मग त्यांनी जाड सळया तापवून, वाकवून चार आकड्यांचा लंगर केला. तो नावेत ठेवला तर बायांच्या लुगड्यांत अडकायचा, तोंडाला बाहेर टांगला तर लाटेने पत्र्यावर आपटून खड्डे पाडायचा. आपटू नये म्हणून टायरचे तुकडे लावले, तर आकडे त्या रबरातच रुतून बसले, सुटेनात. शेवटी त्यांनी तोंडाला दोन लोखंडी अँगल पुढे काढले, दोन्हींच्या मध्ये चाक बसवायचं ठरवलं, म्हणजे लंगर पत्र्यापासून दूर, बरोबर पाण्यावर लटकेल आणि खुंटीवरचा दोर सोडला की स्वतःच्या वजनाने खाली जाईल. चाक कुठलं? एका सकाळी मी उठले तर बाजेखाली गोणपाट रिकामं होतं.

आत्या त्या दिवशी काठावर आली. नावेच्या तोंडाला गडगडी बघून तिने पदर तोंडाशी नेला. मला वाटलं आता ही नाव बुडवते. ती एवढंच म्हणाली, “दौलत, तेल नाही टाकायचं.”

“नाही टाकत, बाई,” बाबा म्हणाले.

आणि इथेच सगळं अडलं. लंगर दिमाखात बसायचा, पण सुटायचा नाही. कोरडी गडगडी अडून अडून फिरायची, दोर खाचेतून उडी मारून चाक आणि अँगलच्या फटीत जाऊन बसायचा. कधी सुटायचा, कधी नाही. धरणात जाळी टाकणारे भोईकाका एकदा आमची नाव न्याहाळत उभे राहिले. “काऊन बे दौलत, एवढा खामगावचा फिटर तू. दोन थेंब तेल टाक ना त्याले. लोण्यावानी सुटन.” बाबा वल्ही खांद्यावर टाकून घरी निघून गेले. भोईकाका माझ्याकडे बघत राहिले. “याले काय झालं व पोरी?” मी म्हटलं, मले काय माहीत. माहीत सगळं होतं. मला बाबांचा राग येत होता, आत्याचाही येत होता, आणि रोज दुपारी नावेत बसताना मी आधी पश्चिमेचं आकाश बघायचे.

टरबुजं निघायला लागली होती. त्या दुपारी नावेत बाया, टरबुजांची पोती, वांग्यांच्या पाट्या. आत्याही होती, मायही होती. बाबा वल्ही मारत होते, बाया कोणाच्या तरी सुनेवरून हसत होत्या. आम्ही मध्यावर आलो आणि पश्चिमेचं आकाश हळदीसारखं पिवळं झालं. हसणं थांबलं. पाण्यावर बारीक काटा उभा राहिला आणि वाऱ्याचा पहिला धक्का नावेला कुशीवर बसला. बाबा जीव खाऊन वल्ही मारत होते, तरी आम्ही आडवे सरकत चाललो होतो. मागे वळून पाहिलं तर बुंधे दिसत होते, आणि दर लाटेला मोठे होत होते.

“इमल, लंगर सोड!” बाबा ओरडले.

मी खुंटीवरचा दोर मोकळा केला. लंगर वीतभर खाली गेला. गडगडीने कुईऽऽ केलं आणि थांबली. दोर फटीत गेला होता. मी ओढला, हिसडला, तळहाताने गडगडीवर मारत सुटले. चाक हलेना. आणि मग मला जाणवलं की नावेत कोणी रडत नाही, ओरडत नाही. सगळ्या बाया जुन्या वस्तीतल्या. आवाज मध्येच थांबला होता. त्या सगळ्या अर्धवट उठलेल्या होत्या, धावायला निघाल्यासारख्या, आणि धावायला जागा नव्हती.

आत्या पोत्यांवरून सरपटत माझ्यापाशी आली. मला तिने बाजूला सारलं नाही. माझ्या हातांवरून वाकून तिने आपला हात गडगडीवर ठेवला, चुलीवरच्या तव्यावर पाणी शिंपडून अंदाज घ्यावा तसा हलकेच, आणि खाली पाण्याकडे बघून, घरातल्या पोरीशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, “सुमे, सोड व माय आता. ही इमल हाये.”

दोर सुटला. माझ्या तळव्याखालून तो असा धावला की कातडी भाजली. त्याची खूण अजून उजव्या हातावर आहे. गडगडी गरगरा फिरत होती, मी डोळ्यांनी बघत होते, आणि आवाज नव्हता. वारा होता, लाटा पत्र्यावर फुटत होत्या, माय माझं नाव घेत होती, हे सगळं ऐकू येत होतं. कोरडी, गंजलेली गडगडी माझ्या नाकापुढे फिरत होती आणि तिचा आवाज येत नव्हता. दोर ताठ झाला, नावेने गर्रकन तोंड वाऱ्याकडे केलं आणि ती उभी राहिली. मागच्या बाजूला बसलेल्या बाईने हात लांब केला असता तर बुंध्याला लागला असता. आम्ही तशाच, एकमेकींना धरून, वारा पडेपर्यंत बसून राहिलो. मला फार भीती वाटली होती. त्याहून जास्त भीती त्या न आलेल्या आवाजाची वाटली होती.

वारा पडल्यावर बाबा लंगर ओढायला पुढे आले. निघेना. दोन बायांनी हात लावला, तरी निघेना. बाबांनी मान वर करून इकडे डोंगराची खिंड पाहिली, तिकडे विहाराचा कळस पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला. “बाई,” ते आत्याला हळूच म्हणाले, “आपल्या विहिरीवर हाओत आपण.”

“हाव,” आत्या म्हणाली. “सर तिकडे.” तिने पदर खोचला, पाय रोवला आणि हातावर हात टाकत दोर ओढायला लागली, जसं पाणी ओढतात तसं, कमरेतून. लंगर तिच्या एकटीच्या हाताने येऊ लागला. आणि आता गडगडी बोलायला लागली. कुईऽऽ. कुईऽऽ. नावेत सगळ्या श्वास धरून बसल्या होत्या. आवाज अर्ध्यावर आला. अर्धं ओलांडून पुढे गेला. आकडे पाण्याबाहेर येईपर्यंत तो थांबला नाही. आमच्या धरणात लंगर कुठेही टाका, वर येताना काळ्या गाळाचा लोंदा घेऊन येतो. मला रोज तो हाताने खरवडावा लागायचा. त्या दिवशी आकडे धुतल्यासारखे स्वच्छ होते. त्यांच्यावरून नितळ पाणी ठिबकत होतं.

नाव काठाला लागली. बाया आपापल्या पाट्या उचलून गेल्या. बाबांनी पाना घेतला, गडगडी खोलली आणि घरी आणली. अंगणात गोणपाटावर ठेवून तिच्यासमोर बसून राहिले. आत्या चुलीपाशी गेली, पीठ घेतलं, मळायला लागली. थोड्या वेळाने आतूनच म्हणाली, “तेल टाक तिले, दौलत.”

बाबांनी ऐकलं. करडीच्या तेलाची वाटी मी नेऊन दिली. त्यांनी बोट बुडवलं आणि ते बोट गडगडीपर्यंत जाईना. माझे बाबा, तापलेली सळई चिमट्याने वाकवणारे, त्यांनी ते बोट गोणपाटाला पुसून टाकलं. “मह्याच्यानं नाही होत, बाई.”

पिठाच्या हातानेच आत्या बाहेर आली. त्यांच्या शेजारी उकिडवी बसली, वाटी घेतली आणि गडगडीच्या दोन्ही बाजूंनी तेल सोडलं, मग चाक बोटाने फिरवून मुरवलं. “अडकली की पोरींचा जीव जातो,” ती म्हणाली. “सुमनले ठाऊक हाये. तू नको घोर करू.” एवढं बोलून ती आत गेली. बाबा तोंड फिरवून बसले; त्यांची पाठ हलत होती. त्यांना रडताना मी तेव्हाच काय ते पाहिलं.

ती गडगडी आज माझ्या बुलढाण्याच्या घरी आहे, बाल्कनीत, कुंड्यांच्या मागे. बाबांनंतर नाव भंगारात गेली, हे चाक मी मागून घेतलं. नातू ते फिरवतो. अजूनही एका बोटाने फिरतं आणि आवाज करत नाही.

पण त्या दिवसाचं एक राहिलं. जेवायला बसलो तेव्हा दिवेलागण झालेली होती, वारा ठार पडलेला. गडगडी आमच्या डोळ्यांसमोर अंगणात होती, तेलाने चमकत. आणि खालून, पाण्याकडून, आवाज आला. कुईऽऽ. माय थांबली. बाबांचा घास हातात राहिला. कुईऽऽ. आत्याने तव्यावरची भाकर उलटली, पण उठली नाही. मान तिरकी करून ऐकत राहिली. आवाज अर्ध्यावर आला. मी डोळे मिटून घेतले. तो थांबला नाही. सावकाश, एखाद्या लहान मुलीने जड बादली ओढावी तसा, दम घेत घेत, पार शेवटपर्यंत गेला, आणि मग नेहमीची शांतता झाली.

“आली वर,” आत्या म्हणाली, आणि तव्यावरची गरम भाकर उचलून तिने बाबांच्या ताटात घातली.